रुखवतातला कॉम्प्युटर

"भाऊ कुठाय?" दुकानदारानं माझ्या मागं दाराकडं बघत विचारलं.

"भाऊ नाही मला."

"मग मिस्टर?"

"ते अजून व्हायचेत," शालन आत्या म्हणाली आणि पदर सावरून समोरच्या स्टुलावर बसली. "तवर आमच्याशी बोला."

दुकान कोल्हापुरात एका इमारतीच्या तळघरात होतं. छतापर्यंत खोकी रचलेली, आणि मालक इतका तरुण की त्याची मिशी अजून यायचं की नाही याचा विचार करत होती. या दोघी मोबाइलचं कव्हर घ्यायला आल्यात, असंच त्याला वाटलं असावं.

"कॉम्प्युटर जोडायचाय," मी म्हटलं. "सुटे भाग पाहिजेत."

"तयारच देतो की, ताई. वॉरंटीसकट. कुणासाठी आहे?"

"माझ्यासाठी."

"रुखवतासाठी," आत्या म्हणाली.

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग पंख्याचा वेग वाढवला.

आता रुखवतात कॉम्प्युटर कुठून आला, ते सांगायला हवं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि कराडला खराडे साहेबांच्या ऑफिसात घरांचे प्लॅन काढत होते. काम माझ्या फार आवडीचं. लोक येऊन देवघर कुठं, जिना कुठं म्हणून भांडायचे, आणि त्यांचं भांडण मी रेघांनी मिटवायचे. अशात माझं लग्न विट्याच्या सूर्यवंशींच्या सत्यजितशी ठरलं. त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, दोन मजली घर, माणसं चांगली. बैठकीत सत्यजितचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, एवढंच म्हणाले, "पोरीनं नोकरी करायची गरज नाही. आमच्याकडं काही कमी नाही." आणि आमचे आप्पा, मला एका शब्दानं न विचारता, म्हणाले, "बरं."

माझा जळफळाट झाला. पण बैठकीत नवरी मुलीनं चहाचा ट्रे धरायचा असतो, तोंड उघडायचं नसतं. नंतर मी सत्यजितला फोनवर विचारलं, "नोकरी नाही केली, पण घरी बसून प्लॅन काढले तर?"

"बघू," तो म्हणाला.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघू म्हंजी न्हाईच. फक्त चांगल्या घरातलं न्हाई."

ऑफिसातला कॉम्प्युटर साहेबांचा होता. स्वतःचं मशीन नसेल, तर विट्याला गेल्यावर माझा डिप्लोमा कपाटात साड्यांखाली जाणार आणि तिथंच म्हातारा होणार, हे मला लख्ख दिसत होतं. आप्पांकडं मागायची सोय नव्हती. त्यांनी शब्द दिलेला, आणि आप्पांचा शब्द म्हणजे पोस्टाचा शिक्का. बसला की बसला.

शालन आत्या आप्पांची थोरली बहीण, मसूरला राहायची. भावकीतल्या प्रत्येक पोरीचं रुखवत तीच मांडायची आणि त्याचे पैसे आप्पांनी तिच्याच हातात ठेवले होते. त्या सुमारास तयार रुखवतांची टूम निघाली होती. थर्माकोलचं मंदिर, सोनेरी रंग फासलेले नारळ, बाटलीतली बाहुली. भाड्यानंसुद्धा मिळायचं. आत्याला त्याचा भारी तिटकारा. "भाड्याचं रुखवत म्हंजी उसन्या लुगड्यात मिरवायचं," ती म्हणायची. ती मला घेऊन बसली आणि चौकशी सुरू झाली.

"विणकाम येतं?"

"नाही."

"भरतकाम?"

"नाही."

"रांगोळीच्या ताटल्या, मोत्यांचं तोरण, कायतरी?"

"नाही येत, आत्या."

"मग देवानं हात कशाला दिल्यात?"

"प्लॅन काढायला. आणि ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला की मीच खोलून नीट करते. नवा जोडायलासुद्धा येईल."

मी हे रागानं बोलले होते. आत्या मात्र पुढं सरकून बसली. मग तिनं विचारलं, "तुझ्या हातानं जोडशील?"

"हो."

"पहिल्या खिळ्यापास्नं?"

"स्क्रूपासून."

"मग त्योच मांडू. माझं ऐक. रुखवताला दोन कायदं असत्यात. एक, ते नवरीच्या हातचं पायजे. दुसरं, ते नवरीचंच ऱ्हातं. सासरच्यांनी ते परत धाडायचं नसतं आन् त्यावर हक्कबी सांगायचा नसतो."

हे कायदे कुठं लिहिलेत, ते मी विचारलं नाही. आत्यानं सांगितलेले मला पुरेसे होते.

तर अशा आम्ही त्या तळघरात बसलो होतो. दुकानदारानं काउंटरवर एक काळं धूड ठेवलं. समोर तीन पंखे, बटण दाबलं की लाल, हिरवे, निळे दिवे गरागरा फिरायला लागले. गणपतीच्या आराशीला शोभलं असतं.

"ही कॅबिनेट सगळ्यात जास्त जाते," तो म्हणाला. "आणि पॉवर सप्लाय हिच्यासोबत फ्री."

"दिवे नकोत. आणि फुकटातला पॉवर सप्लाय तर मुळीच नको."

"का? चालतो की, ताई."

"मी विट्याला चाललेय. तिथं लाईट येते तशी जाते आणि येते तेव्हा उडी मारून येते. या फुकट्यानं एक दिवस जीव सोडला, तर सोबत मदरबोर्डही घेऊन जाईल. पॉवर सप्लाय मला चांगला द्या. डबा साधा चालेल."

आत्यानं त्या दिव्यांच्या कॅबिनेटला बोटानं टोकरून बघितलं. पत्रा आत दबला. "वरून कीर्तन, आतून तमाशा," ती म्हणाली. "उचला हे."

मग आमची खरी लढाई सुरू झाली. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्याच, म्हणून तो अडून बसला. त्याच्याशिवाय कॉम्प्युटरला काय अर्थ, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मला गेम खेळायचे नाहीत, भिंतींच्या रेघा काढायच्यात, आणि तेवढं काम ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे तो प्रोसेसर निमूटपणे करतो. मग त्यानं सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड पुढं सरकवला. त्याला रॅमची एकच खाच होती. दुसरा, दोन खाचांचा, थोडा महाग होता.

"दोन खाचांचा द्या. पण रॅम एकच पट्टी."

"मग दुसरी खाच रिकामीच राहणार की."

"राहू दे."

"उगीच पैसे घालवताय. रिकाम्या जागेचे पैसे देतं का कुणी?"

"मी देते," मी म्हटलं. "आत्ता परवडत नाही ते नंतर बसवता आलं पाहिजे. जागाच नसली तर पुढं पैसे येऊनही काय उपयोग?"

त्याला ते पटलं नाही, पण आत्याला पटलं. "नव्या सुनेनं माहेरचं कपाट भरून नेऊ नये," ती त्याला समजावून सांगायला लागली, "एक कप्पा रिकामा ठेवावा. तिथंबी काय मिळंल की न्हाई?" दुकानदारानं मान हलवली. बायकांशी वाद घालून थकलेल्या माणसाची मान ती.

डिस्क छोटी घेतली, पण नव्या जातीची, झटक्यात चालू होणारी. कॅबिनेट घेतली साध्यातली साधी, काळी, वरच्या बाजूला हवेसाठी जाळी असलेली. कीबोर्ड आणि माऊस त्याच्याकडच्या टोपलीतले निवडून घेतले. स्क्रीन खराडे साहेब देणार होते, ऑफिसातला जुना, कडेला एक हिरवी रेघ उमटलेला. ती रेघ मला चालणार होती. एवढं सगळं काढून दिल्यावर त्या पोराला जरा हुरूप आला. "द्या इकडं, अर्ध्या तासात जोडून देतो. जोडणावळ घेत नाही."

"हात लावू नगा!" आत्या एवढ्यानं ओरडली की मागचं एक गिऱ्हाईक दचकलं. "तुमी जोडलं तर ते तुमचं रुखवत झालं."

घरी बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सुती चादर टाकून मी मांड ठोकली. आत्या शेजारी पाटावर. आई येता-जाता दारात थांबायची, सुस्कारा सोडून पुन्हा लाडू वळायला जायची. मी आधी पॉवर सप्लायच्या लोखंडी डब्याला हात लावला, अंगातली वीज उतरवली, आणि प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवून अलगद ठेवला. तो आपल्या वजनानंच जागेवर बसला. जोर लावायचा नसतो तिथं. जोर रॅमला लावायचा, दोन्ही टोकांना, टक्क वाजेपर्यंत. पंख्याची पकड मात्र मी डोळे अर्धे मिटून बसवली, कारण तिथं मदरबोर्ड वाकतो आणि आत्ता मोडेल की काय असं वाटतं.

तारा जोडून झाल्या आणि मी झाकण लावायला घेतलं, तशी आत्यानं माझा हात धरला.

"ह्ये काय? सगळी शेवयांची गुंतावळ झालीया."

"आत आहे ती, आत्या. कुणाला दिसणार नाही."

"भरतकाम बघाया येत्यात तवा बाया आधी काय करत्यात? उलटं करून बघत्यात. पाठीमागं गाठी दिसल्या की पोरीची किंमत तिथंच ठरती. उलटी बाजू नीट कर."

मी सगळ्या तारा सोडवल्या, मागच्या बाजूनं ओढून घेतल्या, चिकटपट्ट्यांनी बांधल्या. पुन्हा बघितलं तर आतून ते खरंच देखणं दिसत होतं. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीनवर उजेड आला आणि मी आणि आत्यानं एकमेकींना टाळी दिली.

आप्पा दारात उभे होते. "हे तिथं कुणी वापरू देणार नाही तुला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "मी शब्द दिलाय, वृषाली."

"तुम्ही नोकरीचा दिलाय, आप्पा. कॉम्प्युटरचा कुठं दिलाय?"

"उगाच शब्दांत पकडू नको. वाईटपणा माझ्याकडं येईल."

"येऊ दे," आत्या म्हणाली. "तुला सवय न्हाई, म्हून जड जातंय."

लग्नाला थोडे दिवस उरले होते. त्या दिवसांत हळदीच्या साड्या, पत्रिका, आहेर सगळं सांभाळून मी एक प्लॅन काढला. तो कुणाचा ते मी आत्यालाही सांगितलं नाही.

लग्न कराडच्या कार्यालयात लागलं. रुखवत हॉलच्या एका बाजूला, भरजरी कापड घातलेल्या टेबलावर मांडलेलं. आईनं शेवटी न राहवून लाडूंचा डोंगर आणि शंकरपाळ्यांची कमान केलीच होती. त्यांच्या मधोमध माझा काळा कॉम्प्युटर, लग्नात फॉर्मल पॅन्ट घालून आलेल्या पाहुण्यासारखा. आत्यानं त्याची साग्रसंगीत पूजा केली, समोर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि मनोभावे मूठभर अक्षता त्याच्या डोक्यावर टाकल्या. मी तेव्हा बोहल्यावर होते. मला यातलं काही माहीत नव्हतं.

जेवणं व्हायच्या आधी वरपक्षाकडचे रुखवत बघायला आले. पुढं सासूबाई, शेजारी त्यांची थोरली बहीण, जिला सगळे मावशी म्हणत, मागं आबा, सत्यजित आणि मी. मावशींची नजर म्हणजे सोनाराचा काटा. लाडू बघितले, कमान बघितली, आणि कॉम्प्युटरपाशी थांबल्या.

"हे काय? विकतचं मांडलंय?"

"पोरीनं जोडलंय ते, सोताच्या हातानं," आत्या म्हणाली.

"असं कुणीबी म्हणंल. दुकानातनं आणायचं आन् जोडलंय म्हणायचं."

"मग लावून दाखवू द्या की," कुणीतरी म्हणालं.

मी हिरव्या चुड्याचा हात पुढं केला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर घुर्रर्र करून गप्प झाला. स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना आली: पंखा फिरत नाही.

"रुखवत रुसलं!" मावशी म्हणाल्या आणि आजूबाजूला हसू फुटलं. सासूबाईंनीही पदर तोंडाला लावला. आमची आई तर पांढरी पडली. मला घाम फुटला, खोटं का सांगू, पण त्याहून जास्त संताप आला. मी मशीन ओळखत होते. कालपर्यंत ते चालत होतं.

मी वायर काढली. मुंडावळ्या पुढं लोंबत होत्या, त्या कानामागं टाकल्या, शालूचा पदर खोचला आणि आत्याकडं हात पसरला. तिनं कमरेच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून दिला. अडकित्ता काढावा इतक्या सहज. तिनं तो लग्नात का आणला होता, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही.

मी स्क्रू काढले, झाकण उतरवलं. पंख्याच्या पात्यात हळदीनं पिवळा झालेला एक तांदळाचा दाणा आडवा अडकून बसला होता. वरच्या जाळीतून सरळ आत पडलेला. मी केसातला आकडा काढला, दाणा अलगद उचलला आणि तळहातावर घेऊन मावशींच्या पुढं धरला.

"अक्षता जास्त पडल्या त्याच्यावर," मी म्हटलं.

आत्यानं जीभ चावली. मावशींना त्या दाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्या वाकून कॅबिनेटच्या पोटात बघत होत्या. मग त्यांनी ती हळूच फिरवायला लावली आणि मागची बाजू बघितली. बांधलेल्या तारांवरून बोट फिरवलं.

"उलटी बाजू नीट हाय," त्या म्हणाल्या. आणि बहिणीकडं वळून, "हातचंच हाय गं."

मी झाकण लावलं, बटण दाबलं. या वेळी पंखा फिरला आणि स्क्रीनवर मी ठेवलेला प्लॅन उघडला. आबा चष्मा लावून पुढं आले.

"हे... हे तर आमचं घर!"

त्यांचंच होतं. साखरपुड्याला मी विट्याला एकदाच गेले होते. बाकीच्या जणी साडीच्या निऱ्या सांभाळत बसल्या होत्या, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं घरभर हिंडून फरश्या मोजल्या होत्या. फरशीवरून खोली मोजायची सवय होतीच.

"हा सोपा, हे माजघर, हा जिना," आबा बोटानं दाखवत सुटले. "अगदी बरोबर! सत्या, बघ रे. सूनबाई हुशार निघाली." मग ते आप्पांकडं वळले. चेहरा आनंदानं फुललेला. "बरं झालं, पाव्हणं, दुकानात बिलं काढायला असलंच पाहिजे होतं. टेम्पो परस्पर दुकानापाशीच उतरवू. सत्या बसेल ह्याच्यावर."

आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हसून मान डोलावली.

नाकारतील, याची तयारी मी करून ठेवली होती. इतक्या कौतुकानं घेऊन टाकतील, याची नव्हती. तोंड भरून शाबासकी आणि सोबत मशीनही गेलं. मी सत्यजितकडं बघितलं. तो म्हणाला, "बघू, आबा."

पुन्हा बघू.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. रुखवतापाशी नाव घ्यायचं असतं. घे पोरी."

आमच्याकडं नवरी उखाणा घेते तेव्हा मधे कुणी बोलत नाही. सासरा असो नाहीतर सासू, तोंड मिटून ऐकावं लागतं. लग्नात नवरीला बोलायची म्हणून जी काही जागा असते ती तेवढीच. घरून पाठ करून आणलेला उखाणा महादेवाच्या पिंडीचा होता. तो मी गिळला. स्क्रीनवरच्या जिन्याजवळच्या खोलीवर बोट ठेवलं. त्या खोलीत आबा खताची पोती ठेवत. उत्तरेची छान खिडकी, तिच्यावर पोत्यांची थप्पी. प्लॅनमध्ये मी तिथं एक टेबल आणि एक खुर्ची काढली होती. मग मोठ्यानं म्हणाले:

"मदरबोर्डवर प्रोसेसर, प्रोसेसरवर पंखा,
माझ्या हातचं रुखवत आहे, नको कुणाला शंका.
जिन्याजवळच्या खोलीत घेईन टेबल मांडून,
सत्यजितरावांचं नाव घेते, पोती ठेवा काढून!"

कुणी हसावं की नाही तेच कुणाला कळेना. मग आत्या हसली, तिच्यामागून मावशी, आणि मग बायकांचा सगळा घोळकाच. आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"थट्टा चांगली करती," ते म्हणाले.

"थट्टा नाही, आबा," मी म्हटलं. "रुखवत माझं आहे. मी त्या खोलीत प्लॅन काढणार."

आप्पांनी मान खाली घातली. त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं, पण बोललेलं मी परत घेतलं नाही. आजही घेणार नाही.

पाठवणीच्या वेळी रुखवताचा टेम्पो दुकानाच्या दिशेनं निघणार हे मला पक्कं कळलं होतं. म्हणून स्क्रीन आणि लाडू टेम्पोत जाऊ दिले आणि कॅबिनेट मी उचलून कडेवर घेतली. सगळे रडायची वाट बघत होते. आई गळ्यात पडायला आली, पण मधे कॅबिनेट. तिनं मग माझ्या गालाला हात लावला आणि नकळत कॅबिनेटवरूनही फिरवला. फुलांनी सजवलेल्या गाडीत एका बाजूला सत्यजित, दुसऱ्या बाजूला पाठराखीण म्हणून आलेली आत्या, मधे मी आणि माझ्या मांडीवर कॉम्प्युटर.

"जड आहे. मी धरू का?" वाटेत सत्यजितनं विचारलं.

"कुठं ठेवायचा ते ठरलं की द्या ठेवून."

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

विट्याला दारात उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं आल्या आणि थबकल्या.

"ते खाली ठेव, बाळ, आणि माप ओलांड."

"खाली नको. धूळ जाईल."

"मग कुणाकडं तरी दे."

"खोलीत ठेवते की. पोती निघाली का?"

आबा मागून आले. "वृषाली, दारात उभं राहून हट्ट करायची ही वेळ आहे का?"

"आत गेल्यावर कोण ऐकणार, आबा?" मी म्हटलं. माझे हात भरून आले होते, आणि शेजारपाजारचे सगळे गॅलरीत गोळा झाले होते. आत्या माझ्या मागं उभी होती. तिनं मला पुढंही ढकललं नाही आणि मागंही ओढलं नाही.

सत्यजितनं आबांकडं बघितलं. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा बघू म्हणणार. त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, आईच्या हातात दिला आणि माप न सांडता बाजूनं आत गेला. थोड्या वेळानं लग्नाच्या शेरवानीवर खताचं पोतं घेऊन तो बाहेर आला. ते अंगणात टाकलं आणि पुन्हा आत गेला. त्याचे दोन चुलतभाऊ घोटाळले, मग तेही गेले. सगळी पोती बाहेर येईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभी होते. मग माप ओलांडलं.

आबा माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. पोती अंगणात, वर ताडपत्री, आणि येणारा-जाणारा विचारायचा की हे काय. मी खिडकी पुसून काढली, टेबल लावलं, दुकानातून स्क्रीन आणून घेतला, आणि खराडे साहेब पाठवत ते काम करत राहिले. शेवटी एक दिवस आबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"गोडाऊन बांधावं म्हणतोय," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "मागच्या जागेत. पोती भिजायला लागलीत."

"बांधा की."

"प्लॅन लागंल."

मी तो मन लावून काढला. हवा कुठून खेळेल, ट्रक कसा वळेल, सगळं बघून. त्यांच्या हातात दिला आणि सोबत बिलही दिलं, खराडे साहेबांच्या ऑफिसात लावतात त्याच दरानं. आबांनी बिल बघितलं आणि त्यांच्या भुवया पार कपाळावर गेल्या.

"घरच्या माणसाकडनं पैसे घेणार तू?"

"रुखवतातला प्लॅन फुकट दिला, आबा," मी म्हटलं. "काम फुकट नाही."

त्यांनी पैसे दिले. ते घेऊन मी दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरची एसटी पकडली, रॅमची दुसरी पट्टी आणली आणि रिकामी खाच भरून टाकली.